दिवाणजींची दोन युनिटं

आमच्या दिवाणजींना मधुमेह झाला आहे, हे निदान सर्वप्रथम मुंग्यांनी केलं.

दिवाणजी म्हणजे आमच्या घरातला बोका. वय वर्षे तेरा. माणसांच्या हिशेबात धरलं तर माझ्या आईच्या बरोबरीला येतात. मी बँकेत कारकून. पिल्लू असताना हे गृहस्थ माझ्या बँकेच्या परीक्षेच्या पुस्तकांवर बसून असत. काम काडीचं नाही, पण चेहरा असा, की शाखेचा सगळा हिशेब आपल्याच डोक्यात आहे. असा चेहरा मी आमच्याकडे निवृत्तीला आलेल्या तीन हेडक्लार्कांचा पाहिला होता. तेव्हा 'दिवाणजी' हे नाव आपोआप पडलं आणि अहोजाहोही त्याच्याबरोबर चिकटलं. फक्त आई त्यांना 'मेला' म्हणते.

तर गेल्या वर्षी दिवाणजी एकाएकी पाणी फार प्यायला लागले. वाटीने भागेना म्हणून न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालू लागले. दोन माणसांचं खायचे आणि तरी वाळत चालले. मागचे पाय टाचा टेकवून, फरपटल्यासारखे टाकू लागले. मी म्हटलं, वय झालं. ही म्हणाली, उन्हाळा आहे. आई मात्र सकाळी गॅलरीतलं त्यांचं वाळूचं घमेलं बघून आली आणि म्हणाली, "मेल्याच्या मुताला मुंग्या लागल्यात. साखर आहे त्याला. तुझ्या आजोबांचंही असंच कळलं होतं."

आईचं शिक्षण जुनी अकरावी. पण ती जे बोलली ते चरक-सुश्रुतांच्या परंपरेला धरून होतं, हे मला नंतर कळलं. मधासारखी गोड लघवी आणि तिच्याकडे धावणाऱ्या मुंग्या ही खूण आपल्या जुन्या वैद्यकात नोंदलेली आहे. साहेबाच्या देशात सतराव्या शतकात थॉमस विलिस नावाच्या डॉक्टराने तीच गोष्ट स्वतःच्या जिभेने चाखून पाहिली. पुढे १७७६ साली मॅथ्यू डॉब्सनने रुग्णाची लघवी आटवली आणि तळाशी साखर उरते हे दाखवलं. आटवण्याची कल्पना विलिसला सुचली असती तर बरं झालं असतं, असं मला उगाच वाटून गेलं. आपल्याकडे हे काम मुंग्यांवर सोपवलं होतं, यात एक प्रकारचा शहाणपणा दिसतो.

आजोबांच्या वेळचं मला अंधुक आठवतं. एका परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. निळं राहिलं तर आजोबांना दुपारी आंबा. हिरवं झालं तर अर्धा. विटकरी झालं तर आजीचा चेहराही विटकरी. हा सगळा प्रयोग ओट्यावर करायला आजीची सक्त मनाई होती, म्हणून तो व्हरांड्यात चाले आणि आम्ही पोरं रंग बघायला कडं करून बसायचो. इन्सुलिनची सुई काचेच्या सिरिंजला लावायची आणि दोन्ही पातेल्यात उकळायची. ते पातेलं वेगळं असे. त्यात चुकून एकदा चहा झाला, त्यावर आमच्या घरात पुढे दोन दिवाळ्या बोलणं चालू होतं.

पण दिवाणजींकडे वळू. डॉक्टरांनी रक्त काढलं, साखर निघाली चारशेच्या वर. तरी ते म्हणाले, एवढ्यावर जाऊ नका. मांजर दवाखान्यात नुसतं घाबरलं तरी साखर चढते. मग त्यांनी फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी केली. ती म्हणजे मागच्या दोनतीन आठवड्यांची सरासरी. हे मात्र मला चटकन समजलं. अहो, आमच्याकडे एखादा खातेदार तपासणीच्या दिवशी भरघोस शिल्लक दाखवतो. त्याची खरी लायकी कळते ती सरासरी शिलकेवरून. दिवाणजींची सरासरीही वाईटच निघाली. डॉक्टर म्हणाले, "दर बारा तासांनी इन्सुलिन. एक युनिटपासून सुरुवात करू."

महिनाभराने एकाची दोन युनिटं झाली. दोन युनिटं म्हणजे किती? या इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिटं असतात. म्हणजे दोन युनिटं म्हणजे मिलिलिटरचे शंभर भाग करून त्यांतले दोन. टाचणीच्या डोक्यावर मावेल एवढं पाणी! गेली बावीस वर्षं मी लाखांच्या रकमा टायपत आलो आहे, पण हात थरथरला तो या दोन शतांशांनी.

हे युनिट आलं कुठून, याचा मग मी शोध घेऊ लागलो. कॉमर्सच्या माणसाला एकक म्हटलं की ते कोणी, कधी, कशावरून ठरवलं हे कळल्याशिवाय झोप येत नाही.

गोष्ट सुरू होते कॅनडातल्या लंडन या गावी. होय, कॅनडातही लंडन आहे. आपल्याकडे औरंगाबादं नव्हती का दोन! फ्रेडरिक बँटिंग या तरुण सर्जनने १९२० च्या जुलैत तिथे दवाखाना उघडला. जवळजवळ महिनाभर कोणी फिरकलंच नाही. पहिल्या महिन्याची कमाई झाली ४ डॉलर. असल्या माणसाला आमच्या बँकेने सायकलीसाठीही कर्ज दिलं नसतं. पोटासाठी तो शिकवण्या करू लागला. ३१ ऑक्टोबरच्या पहाटे दोन वाजता, स्वादुपिंडावरचा एक लेख वाचून झोप उडाली म्हणून त्याने वहीत चार ओळी खरडल्या. त्यात 'डायबेटिस'चं स्पेलिंगच चुकलेलं आहे. माझ्या कन्येने हे ऐकून शुद्धलेखनाविषयी काही दूरगामी निष्कर्ष काढले, ते इथे देत नाही.

स्वादुपिंडाचा साखरेशी संबंध आहे हे तोवर माहीत होतं. १८८९ साली स्ट्रासबुर्गला मेरिंग आणि मिंकोव्हस्की यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं, तर कुत्र्याला मधुमेह झाला. पण त्या पिंडातला तो नेमका रस बाहेर काढणं कोणाला साधत नव्हतं. बँटिंग टोरोंटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउडकडे गेला. मॅक्लाउडने खोली दिली, कुत्रे दिले आणि मदतीला विद्यार्थी दिला. विद्यार्थी होते दोन, बेस्ट आणि नोबल. आधी कोणी जायचं हे नाणेफेकीवर ठरलं असं सांगतात. बेस्ट जिंकला. म्हणजे पाहा, ज्या कामाला दोन वर्षांत नोबेल मिळालं, त्यातून नोबल आडनावाचा माणूसच नेमका गळला! आमच्याकडे बढत्यांची यादी लागते तेव्हा अशीच काहीतरी जादू होते.

१९२१ चा तो उन्हाळा कुत्र्यांचा. मार्जोरी नावाची एक कुत्री या अर्कावर दोन महिन्यांहून जास्त जगली. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. मुलाचं वजन तीस किलोही नव्हतं. त्या काळी या आजाराच्या मुलांना उपाशी ठेवणं हाच उपचार होता. उपासमारीने मरण थोडं लांबायचं, इतकंच. अर्क होता तपकिरी आणि गढूळ, आणि तो दोन्ही बाजूंना मिळून १५ मिलिलिटर टोचला. साखर ४४० वरून ३२० वर आली, टोचल्या जागी गळू झालं, प्रयोग थांबवावा लागला. मग कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो अर्क शुद्ध करून दिला, आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचल्यावर साखर ५२० वरून १२० वर उतरली. तो मुलगा पुढे तेरा वर्षं जगला.

१९२३ साली बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपला पेटंटचा हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्याच वर्षी नोबेल आलं ते बँटिंग आणि मॅक्लाउड यांच्या नावावर. बँटिंग चिडला, त्याने आपले अर्धे पैसे बेस्टला दिले. मग मॅक्लाउडनेही आपले अर्धे कॉलिपला दिले. चौघांचं आपसात पटत नव्हतं, पण हिशेब मात्र चोख झाला.

कारखान्यांत इन्सुलिन निघू लागलं ते कत्तलखान्यातल्या गाईंच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून. हे मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं, ही माझी चूक. आईने घास खाली ठेवला. "म्हणजे तुझ्या आजोबांना..." मी विषय बदलला आणि सँगरकडे वळलो. फ्रेडरिक सँगरने १९५५ पर्यंत गाईच्या इन्सुलिनचे एक्कावन्न मणी कोणत्या क्रमाने ओवले आहेत ते शोधून काढलं आणि १९५८ साली नोबेल मिळवलं. पुढे एकेका प्राण्याची माळ तपासली गेली. मांजराची आणि गाईची माळ यांत फरक फक्त एका मण्याचा. मांजराची आणि माणसाची यांत चार मण्यांचा. म्हणजे दिवाणजी गोमातेचे जवळचे नातेवाईक निघाले. हे ऐकून आईचा त्यांच्याकडे बघण्याचा दृष्टिकोन किंचित बदलला असावा. त्या दिवशी 'मेला' दोनदा कमी ऐकू आला.

पण १९८२ साली जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं माणसाचं इन्सुलिन अमेरिकेत बाजारात आलं आणि गाईचं हळूहळू मागे पडलं. मांजरांची पंचाईत झाली. जे आपल्याला जवळचं तेच मिळेना. शेवटी मांजरांनी माणसाचंच इन्सुलिन घेतलं. २००० साली माणसांसाठी ग्लार्जिन नावाचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन आलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात जॅकी रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांजरांना देऊन पाहिलं. आजार नवा असताना ते नेमाने दिलं आणि आहारातले पिष्टमय पदार्थ कमी केले, तर बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही, असं दिसलं. घेतलं तसं मांजरांनी माणसाला दिलंही आहे. मधुमेह्यांच्या स्वादुपिंडात एक चिकट पदार्थ साचतो. तो कशाचा हे १९८७ साली स्वीडनमधल्या वेस्टरमार्क आणि मंडळींनी उलगडलं, त्यात माणसाच्या गाठीइतकाच उपयोग झाला मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडाचा. दिवाणजींना मी हे सांगितलं. त्यांनी पाठ वळवली.

आता युनिट. सुरुवातीला या औषधाला वजन लावून उपयोग नव्हता, कारण आजच्या घाणीत किती जोर आहे आणि उद्याच्या घाणीत किती, हे कोणालाच ठाऊक नसे. मग कॉलिपने सशांवर माप ठरवलं. अर्क टोचला की सशाची साखर उतरते; फार उतरली की त्याला झटके येतात; ग्लुकोज टोचलं की तो उठून बसतो. ज्या मात्रेने दोन किलोच्या उपाशी सशाची साखर काही तासांत ४५ पर्यंत, म्हणजे झटक्यांच्या सीमेपर्यंत उतरते, त्या मात्रेचा एक तृतीयांश म्हणजे एक युनिट. नंतर राष्ट्रसंघाने प्रमाण इन्सुलिनची भुकटी ठरवून ते माप जगभर एक केलं. राष्ट्रसंघाला पुढचं महायुद्ध काही टाळता आलं नाही, पण हे काम त्याने ठाकठीक केलं.

पण एक घोळ मागे राहिला. युनिट जगभर एक झालं, तरी एका मिलिलिटरमध्ये किती युनिटं घालायची हे एक झालं नाही. आधी दहा, मग वीस, चाळीस, ऐंशी असे जोर निघाले आणि प्रत्येकाची सिरिंज निराळी. लोकांचे गोंधळ व्हायला लागले, म्हणून अमेरिकेने १९७३ पासून शंभराचं एकच माप धरलं. आपल्याकडे मात्र चाळीसवाल्या बाटल्याही मिळतात आणि शंभरवाल्याही. चाळीसच्या सिरिंजचं टोपण लाल, शंभरच्या सिरिंजचं नारिंगी. आमच्या फ्रीजच्या दारात दोन्ही होतं. आईचं इन्सुलिन चाळीसचं, दिवाणजींचं शंभरचं.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी फ्रीजच्या दारात अशा दोन बाटल्या आहेत, त्यांना पुढचं कळलं असेल.

एकतीस मार्चला बँकेतला माणूस घरचा नसतो. मी रात्री साडेबाराला डोंबिवलीला उतरलो. संध्याकाळचं इंजेक्शन हिने वेळेवर दिलं होतं, आणि ती शेवटची नारिंगी सिरिंज होती. सकाळी साडेसातला मी डब्यात हात घातला तर डबा रिकामा. एक एप्रिलला गिऱ्हाईक नसतं, पण आम्ही असतोच. सात अठ्ठावन्नची गाडी धरायची होती. शेजारी आईचं पाकीट होतं. सिरिंज ती सिरिंज. दोन रेघांपर्यंत ओढली, मानेमागची कातडी उचलली, टोचली, निघालो. लाल टोपण खिशात राहिलं.

दुपारी पाऊण वाजता आईचा फोन. "अरे, तो झिंगल्यासारखा चालतोय. भिंतीला धरून. डोळे कसेतरीच झालेत."

मी म्हटलं, खाल्लं का त्यांनी? आणि बोलता बोलता रुमालासाठी खिशात हात घातला. हाताला टोपण लागलं. बाहेर काढून पाहिलं, तर लाल.

चाळीसच्या सिरिंजवरच्या दोन रेघा म्हणजे मिलिलिटरचे शंभरात पाच भाग. शंभरच्या बाटलीतले पाच भाग म्हणजे पाच युनिटं. हा गुणाकार करायला मला एक सेकंदही लागला नाही. सकाळी लागला असता तर बरं झालं असतं.

"आई," मी म्हटलं, "मध..."

"मध कधीच लावला," आई म्हणाली. "हिरड्यांना चोळला. मला काय साखर उतरलेली कळत नाही? बोट आत घालायचं नाही, चावेल. तू ये."

ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत गाडीत मी दारात उभा होतो, आणि डोळ्यांपुढे ते टोरोंटोचे ससे येत होते. रविवारी पुस्तकात वाचताना मी त्यांच्यावर एक विनोदही केला होता.

घरी पोचलो तर दिवाणजी आईच्या मांडीवर. तेरा वर्षांत हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं. तोंडाभोवती मध, आईच्या पातळावर मध, आणि आई दर पाच मिनिटांनी त्यांच्या हिरड्यांवर बोट फिरवत होती. कानाच्या कडेला टोचून थेंब काढला. मीटरने ३८ दाखवले. रिक्षा, दवाखाना, सलाईनमधून ग्लुकोज. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "लाल?" मी मान हलवली. त्यांच्याकडे येणारा मी पहिला नव्हतो, एवढं त्यावरून कळलं. ते म्हणाले, हे लांब पल्ल्याचं औषध आहे, एकदा साखर वर आली म्हणून उठू नका, रात्र इथेच काढावी लागेल. मी बाकड्यावर बसलो. शाखेतून दोनदा फोन आला की ताळेबंदात साडेचारशे रुपयांचा फरक येतोय. मी म्हटलं, उद्या. नोकरीला लागल्यापासून एक एप्रिलला मी हा शब्द प्रथमच उच्चारला.

पहाटे चारच्या सुमाराला दिवाणजींनी डोकं उचललं, सलाईनच्या नळीकडे तुच्छतेने पाहिलं आणि मी आणलेल्या उकडलेल्या कोंबडीकडे, नंतर माझ्याकडे. तो हेडक्लार्कचा चेहरा परत आला होता.

आता डॉक्टरांनी पुन्हा एकावरून सुरुवात केली आहे. मी त्यांना गोळ्यांचं विचारलं. २०२२ साली अमेरिकेत मांजरांसाठी तोंडाने घ्यायचं पहिलं औषध मंजूर झालं आणि २०२३ साली दुसरं, हे मी वाचलं होतं. ते म्हणाले, इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना ती चालत नाहीत. म्हणजे खातं आधी दुसरीकडे उघडलेलं नसेल तरच इथे उघडता येतं. आमचीही एक योजना अशीच आहे, तेव्हा मी फार बोललो नाही.

घरात बदल एवढाच, की आईच्या बाटलीची जागा आता फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात आणि दिवाणजींची दारात. त्यांच्या डब्यावर हिने नारिंगी रंगाची जुनी रिबीन बांधली आहे. मी बँकेतून जुनं एक कोरं लेजर आणलं (रद्दीतलं, गैरसमज नको) आणि त्यात रोजचे आकडे लिहितो: तारीख, वेळ, साखर, युनिट, सही. एकाने सिरिंज भरायची, दुसऱ्याने रेघ बघून सही करायची, मगच टोचायचं. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. बावीस वर्षं मी त्याला विनाकारण वेळखाऊपणा म्हणत आलो.

चेकर आई आहे. ती चष्मा लावते, सिरिंज उजेडात धरते, रेघ मोजते, टोपणाचा रंग बघते आणि मगच सही करते. परवा तिने त्याच लेजरात उजव्या बाजूला स्वतःच्या साखरेचा रकाना आखला. मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. दिवाणजी १४२, आई २१०.

"बघू," आई म्हणाली. पाहिलं, चष्मा काढला.

"रात्री श्रीखंड त्याला कोणी दिलं नव्हतं म्हणून," ती म्हणाली, आणि सही केली.